वायफाय बंद करून काय होणार?

परीक्षा जवळ आली की आपल्या हॉस्टेलवर एक वाद हमखास निघतो. रात्री अकरानंतर वायफाय बंद करावं की नाही? रेक्टर सर म्हणतात करा, पोरं म्हणतात नको. माझ्या मते दोघंही चुकीच्या वायरला टेस्टर लावताहेत. वायफाय गेलं तरी प्रत्येकाच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहेच की राव!

दुखणं दुसरीकडे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर चोच मारतच राहतं. आपला अंगठा दुसरं काय करतो? २००६ साली अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं पान बनवलं. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल खेद व्यक्त केला. पूर्वी पान संपायचं आणि माणूस थांबायचा. तो लिमिट स्विचच काढून टाकला! लिमिट स्विच नसलेल्या यंत्राचं काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, हा सगळा बाऊ आहे. तसा आधारही आहे. ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की किशोरांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी स्क्रीनच्या वाट्याला जेमतेम ०.४ टक्के येतो. उलट २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या कंपनीचीच अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली आणि त्यांत, आपल्या शरीराबद्दल आधीच नाराज असलेल्या मुलींना या ॲपमुळे आणखी वाईट वाटतं, असं नोंदलेलं निघालं. मला दोन्ही खरं वाटतं. सरासरी चार फूट खोल नदीतही माणूस बुडतोच. प्रश्न आहे तो कोण बुडतंय हा.

प्लेसमेंटच्या दिवसांत बघा. ज्याचं नाव यादीत आलं नाही, तो रात्री दोन वाजता काय बघत पडलेला असतो? वर्गमित्राचं ऑफर लेटर, खाली तीनशे अभिनंदनं. पूर्वीही निकाल नोटीस बोर्डावर लागायचे. वाईट वाटायचं, मग कोणीतरी खांद्यावर हात टाकून टपरीवर न्यायचं. आता नोटीस बोर्ड उशीखाली आहे आणि टपरीवर न्यायला कोणाला पत्ताच नसतो. झोप जाते, सकाळचं लेक्चर जातं, मग जेवायला येणंही बंद होतं. तिसऱ्या मजल्यावर अशी दोन-तीन दारं सध्या आहेत. रेक्टर सरांनी राउटरऐवजी ती दारं तपासावीत, ही नम्र विनंती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली एक गंमत केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद! एकट्याने फोन ठेवला की आपण मागे पडलो असं वाटतं; सगळ्यांनीच ठेवला की तसं वाटायला कारणच उरत नाही. जेवणानंतर नऊ ते दहा मेसमध्ये आपण हे सहज करू शकतो. सक्ती नको, स्टाफनेही यावं. आणि 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर मेसच्या मेनूशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

कॅरम बोर्ड कॉमन रूममध्ये आहेच. फक्त स्ट्रायकर गॅदरिंगपासून गायब आहे, कोणाकडे असेल त्याने आणून द्यावा.