कठीण कोणास म्हणावे?

रायपूरच्या रेल्वेस्थानकापलीकडील गुढियारी ही घाऊक बाजाराची वस्ती आहे. उरला आणि सिलतरा येथील पोलादाचे कारखाने तेथून फार दूर नाहीत. अशा वस्तीत कोणी पोलादी सळई कापतो, कोणी फरशी, तर कोणी काँक्रीट. तिघांच्या हातातील ग्राइंडर एकच असला, तरी त्यावर बसवावयाचे चक्र एकच असता कामा नये. ‘जे सर्वांत कठीण ते सर्वांत चांगले’ ही समजूत मात्र सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. आणि माझ्या मते तिच्या मुळाशी काही अंशी भाषेचा दोष आहे.

कापणारे चक्र मुख्यतः दोन द्रव्यांचे असते: कापणारे कण, आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक. आपल्याकडील शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत बसवून सहाण करीत, त्यातही हेच तत्त्व होते. आज कुरुंदाच्या जागी भट्टीत वितळवून केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड आले आहे आणि लाखेच्या जागी कृत्रिम राळ व काचतंतूंची जाळी.

प्रथम कणांचा विचार करू. मोहस याने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचा क्रम ७, कुरुंदाचा ९ व हिऱ्याचा १० आहे. १८९१ साली ॲचेसन याने तयार केलेले सिलिकॉन कार्बाइड कुरुंदाहूनही कठीण. मग पोलाद त्यानेच का कापू नये? कारण असे की, कापताना निर्माण होणाऱ्या तीव्र उष्णतेत लोखंड कार्बन शोषून घेते. त्यामुळे सिलिकॉन कार्बाइडचा कण पोलादावर लवकर झिजतो. हिरा तर निव्वळ कार्बनच. त्याचीही तीच गत होते. म्हणून पोलादास ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि दगड, काँक्रीट व फरशीस सिलिकॉन कार्बाइड किंवा हिरा, असा सामान्य नियम आहे.

आता बंधकाकडे वळू. कण बोथट झाला की तो गळून पडावा व त्याखालील तीक्ष्ण कण उघडा व्हावा, ही चक्राची खरी युक्ती. कठीण पदार्थावर कण लवकर बोथट होतात. म्हणून तेथे सैल धरणारा बंधक हवा. मऊ पदार्थास घट्ट धरणारा बंधक चालतो. कारागीर यासच ‘कठीण मालाला मऊ चक्र’ म्हणतात. इंग्रजीत कणाचे काठिण्य व बंधकाचा घट्टपणा या दोहोंस एकच शब्द आहे. आम्ही अनुवादकांनी दोन्ही ठिकाणी ‘कठीण’ लिहिले, की वाचक फसलाच. कणापुरते ‘काठिण्य’ व बंधकापुरती ‘पकड’ असे दोन शब्द रूढ करावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. चुकीचे चक्र कापेनासे झाले, की माणूस ते अधिक जोराने दाबतो. चक्र तापते, खाचेत अडकते व फुटते. १२५ मिलिमीटर व्यासाच्या चक्राची कड सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर वेगाने फिरू शकते. त्या वेगाने सुटलेला तुकडा डोळा घेऊन जातो. म्हणून चक्रावर छापलेली वेगमर्यादा व वापराची अंतिम तारीख पाहावी, यंत्रावरील आवरण काढू नये आणि कापण्याच्या चक्राच्या बाजूने घासू नये. दगड कोरडा कापल्यास गारगोटीची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही; १९४८ च्या कारखाने अधिनियमात त्याचा समावेश कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत झाला होता. दगड त्यासाठीच बनविलेल्या यंत्राने, पाणी सोडून अथवा धूळ शोषून घेऊन कापावा.

चक्रावरील ‘ए’ हे अक्षर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे व ‘सी’ हे सिलिकॉन कार्बाइडचे. एवढे ज्ञान शाळकरी मुलासही सहज देता येईल. ज्याच्या हाती हे चक्र फिरते, त्याला मात्र ते बहुधा परक्या लिपीतील खूण म्हणूनच भेटते. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकांच्या भाषेत असा एक तक्ता भिंतीवर लावावा. त्यास खर्च थोडा येईल, आणि त्याने वाचलेला एक डोळाही त्या खर्चाहून मोलाचा ठरेल.