पेंडीतले प्रथिन, ताटातली उणीव

देशातील बहुतांश सोयाबीन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत पिकते. मात्र या दाण्याचा आपल्या जेवणाशी संबंध प्रामुख्याने तेलापुरता येतो. दाण्यात तेलाचे प्रमाण जेमतेम पाचवा हिस्सा. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत जवळपास निम्मी प्रथिने असतात आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला किंवा निर्यातीला जाते. याच देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली आहेत. खुरटण्यामागे अस्वच्छता आणि वारंवारचे आजारही असतात, हे खरे. पण धान्यानेच भरलेले ताट हेही एक कारण आहेच.

गहू-तांदळात लायसिन कमी असते, सोयाबीनमध्ये ते मुबलक असते. सोयाबीनमधील मेथिओनिनची उणीव उलट धान्य भरून काढते. पोळी-भाताला जोड म्हणून सोयावडी योग्य ठरते ती यामुळे.

तरीही या दाण्याभोवती अतिशयोक्ती फार आहे, दोन्ही बाजूंनी. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करते, असा दावा छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मुभा दिली. पुढे पुरावे विसंगत आढळल्याने २०१७ मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच संस्थेने मांडला. कोलेस्टेरॉल घटते, पण थोडेच. दुसरीकडे, सोयाबीनमुळे पुरुषांतील संप्रेरके बिघडतात ही व्यायामशाळांतली भीती संशोधनाच्या कसोटीवर टिकलेली नाही.

खऱ्या जोखमी याहून साध्या आहेत आणि म्हणूनच दुर्लक्षित. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो. तो पुरेशा उष्णतेने निष्प्रभ होतो. घरच्या गव्हात कच्चे सोयाबीन मिसळून दळून आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तेव्हा ही अट कोणी सांगत नाही. दुसरी जोखीम फायटेटची. ते लोहाचे शोषण रोखते, आणि आपल्याकडे १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सोयाबरोबर लिंबू, आवळा हवा, हे आहारशास्त्राचे किरकोळ टिपण नव्हे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे. काहींना त्याची अॅलर्जी असते, हेही लक्षात ठेवावे लागते.

धोरणाचा प्रश्न इथे उभा राहतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हमी दिली ती धान्याची. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला १२ आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. पातळ वरणातून तो किती गाठला जातो, हे स्वयंपाकघरात डोकावणाऱ्याला ठाऊक असते. तिथे सोयावडीला जागा आहे, पण डाळ आणि अंडे यांच्या जोडीला. अंड्याचा वाद टाळण्याची सोय म्हणून सोया पुढे केले गेले, तर मुलाच्या पदरी फसवणूकच पडेल. सोयात ब-१२ जीवनसत्त्व नसते. म्हणून पुरवठ्याच्या निविदेत योग्य उष्णताप्रक्रियेची अट आणि तिची तपासणी हवी, डाळीच्या प्रमाणात कपात न करण्याची स्पष्ट तरतूदही हवी. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असूनही बाजारात त्याहून कमी दराने सोयाबीन विकावे लागलेल्या शेतकऱ्याला, तेलगिरणीखेरीज आणखी एक गिऱ्हाईक मिळेल.