युद्ध चार वर्षांत जिंकलं, जिंकलेलं बारा वर्षांत घालवलं

दरवर्षी ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या वॉलवर फिरते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना ते अर्पण केलं. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या लढ्याशी आपला लढा जोडणारा हा माणूस किती पुढचा होता, असं आपण लिहितो. खरंच आहे ते. पण पोस्ट तिथेच संपते. त्या सुटलेल्या गुलामांचं पुढं काय झालं, हे सहसा कोणी लिहीत नाही. आज ते लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे.

आधी युद्धाबद्दल थोडक्यात. एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५. दक्षिणेतली ११ राज्यं देशातून फुटली आणि यादवी पेटली. कारण गुलामी. 'राज्यांच्या हक्कांसाठी लढाई होती' असं सांगणारे आजही भेटतात. पण मिसिसिपी राज्यानं फुटताना जो जाहीरनामा काढला, त्यात सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामीच्या व्यवस्थेशी बांधलेली आहे असं स्वच्छ लिहून ठेवलंय. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. सुमारे ४० लाख माणसं गुलामीतून सुटली.

आपल्याकडे त्या युद्धाची आठवण राहिली ती कापसामुळे. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं धाडकन कोसळलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्या युद्धात भाव दिसला. फुल्यांना माणसं दिसली.

आता मुद्द्यावर येतो. गुलामी संपली, ठीक. पण सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाणार? जमीन नाही, घर नाही, हातात पैसा नाही. अक्षरओळख नाही, कारण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. बायको एका मालकाकडे विकलेली, पोरं दुसऱ्याकडे. युद्धानंतर कित्येक वर्षं लोक वर्तमानपत्रात जाहिराती देऊन आपली आई, आपली मुलं शोधत होते.

आणि भरपाई? ती दिली गेली, पण कोणाला बघा. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी रद्द झाली, तेव्हा सरकारनं एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मोजली. ती मालकांना! ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांच्यासाठी त्या कायद्यात काय होतं? देश सोडून जाणार असाल तर १०० डॉलरपर्यंत मदत.

सुटलेल्या लोकांना मात्र काय हवं ते पक्कं माहीत होतं. जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना शहरात जनरल शर्मन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मगुरूंना बोलावून विचारलं, तुमचं पोट तुम्ही कसं भरणार? त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७, आयुष्यातला बहुतेक काळ गुलामीत गेलेला. त्यांनी सांगितलं, आम्हाला जमीन द्या, ती आमच्या कष्टानं कसू द्या. चारच दिवसांत शर्मननी हुकूम काढला. किनाऱ्यालगतची पळून गेलेल्या मालकांची जमीन, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार लोक तिथं वसले. पेरणी केली, शाळा काढल्या.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. त्यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफीवर माफी दिली आणि त्यांच्या जमिनीही परत दिल्या. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत जनरल हॉवर्ड यांना एडिस्टो बेटावर पाठवलं, तिथल्या लोकांना समजवायला की ही जमीन सोडा, मालक परत येतायत. ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांना जमीन परत, आणि ज्यांच्यातले पावणेदोन लाखांहून जास्त लोक देशाच्या बाजूनं लढले त्यांच्याकडून काढून घेतली.

माझ्या मते खरी हार तिथंच झाली. पुढचं सगळं त्यातून आलं. हातात सातबारा नसेल तर मताचा हक्क फार दिवस टिकत नाही. ज्याच्या शेतावर राबायचं, ज्याच्या दुकानातून उधारीनं बी-बियाणं आणि पीठ आणायचं, त्याच्याविरुद्ध मत कसं देणार? दक्षिणेत बटईची शेती आणि पिकावरची उधारी अशी काही पसरली, की वर्षाच्या शेवटी हिशेबाच्या वहीत कुळाच्या नावावर कर्जच शिल्लक राहायचं. वही मालकाकडे, पेन मालकाकडे. हा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नको.

त्यावर कायद्याचा फास. १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिनानं 'ब्लॅक कोड' आणले. कृष्णवर्णीय माणसाकडे वर्षाच्या सुरुवातीला कामाचा करार नसेल तर तो 'भटक्या' ठरवायचा, दंड करायचा आणि दंड भरता आला नाही की कोणाकडे तरी कामाला जुंपायचा. गुलामी दारातून घालवली, ती खिडकीतून आत आली.

इथं मात्र संसदेनं कंबर कसली. १८६७ मध्ये दक्षिणेतली दहा राज्यं लष्कराच्या देखरेखीखाली आणली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिल्याशिवाय परत घेणार नाही अशी अट घातली. १८६८ मध्ये १४ वी घटनादुरुस्ती, म्हणजे नागरिकत्व आणि कायद्यापुढं समानता. १८७० मध्ये १५ वी, वंशाच्या कारणावरून मत नाकारायचं नाही.

आणि मग जे झालं ते मुळीच छोटं नव्हतं. बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस ज्या मिसिसिपीचा, त्याच मिसिसिपीतून १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर वॉशिंग्टनला गेला. या काळात १६ कृष्णवर्णीय लोक देशाच्या संसदेत बसले. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गुलाम खलाशी. १८६२ मध्ये त्यानं चार्ल्सटन बंदरातून बंडखोरांचं जहाजच पळवलं, घरच्यांना घेऊन. पुढे तो खासदार झाला आणि ज्या घरात त्याची आई राबली ते जुन्या मालकाचं घर त्यानं विकत घेतलं. दक्षिणेत सरकारी खर्चानं सर्वांसाठी शाळा ही गोष्ट रुजली ती याच काळात. गरीब गोऱ्यांची पोरंही त्याच लाटेत शाळेत बसली, हे विसरू नका.

'पण भ्रष्टाचार फार होता, ही माणसं कारभाराला तयार नव्हती,' असा आक्षेप नेहमी येतो. भ्रष्टाचार होता. पण त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये बॉस ट्वीडची टोळी शहराची तिजोरी धुऊन नेत होती. म्हणून कोणी न्यूयॉर्कच्या गोऱ्यांचा मताधिकार काढला का? 'अजून तयार नाहीत' हे वाक्य कोण कोणाबद्दल म्हणतं ते बघा, म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

कारभार चालू शकतो हे दिसलं, म्हणूनच तो मोडायला हिंसा लागली. कू क्लक्स क्लॅनचे लोक रात्री घरात घुसायचे. शिक्षक, मतदार, स्थानिक पुढारी यांना फटके, फास, आग. पण इथंही एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत कडक कायदा लावला, शेकडो लोक पकडले, खटले भरले. क्लॅन तिथं मोडला. म्हणजे दहशत आवरता येत नव्हती असं नाही. सरकारनं मनावर घेतलं तेव्हा आवरली.

मग आलं १८७३. 'गुलामगिरी'चं वर्ष. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्या जमावानं कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही मारलं. मृतांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. सुप्रीम कोर्टानं १८७६ मध्ये दोषींची शिक्षा रद्द केली. म्हणणं काय, तर १४ वी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नाही. इकडे पुण्यात फुले त्या देशाच्या औदार्याला वंदन करत होते आणि तिकडे तो देश आपला शब्द मागे घ्यायला लागला होता.

त्याच वर्षी मोठी मंदी आली. उत्तरेतल्या लोकांना आता नोकऱ्या आणि बँका दिसत होत्या. १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरनं निवडणुकीतली हिंसा थांबवायला फौज मागितली, तर खुद्द ग्रँट यांचं म्हणणं पडलं की दक्षिणेतल्या दरवर्षीच्या या दंगलींना सगळी जनता कंटाळलीय. मार खाणाऱ्याला कंटाळायची सोय नसते. ती लांबून बघणाऱ्याला असते.

१८७६ ची अध्यक्षीय निवडणूक अडकली, तडजोड झाली, हेज एका मतानं अध्यक्ष झाले आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतल्या विधानभवनांवरची फौज माघारी गेली. फौज थकली होती म्हणून? नाही. त्याच जुलैमध्ये ती रेल्वेच्या संपकरी कामगारांवर घातली गेली.

पुढचं सावकाश, कागदोपत्री झालं. मिसिसिपीनं १८९० मध्ये नवी राज्यघटना केली. त्यात मतासाठी कर, घटनेचं कलम वाचून अर्थ सांगायची परीक्षा. 'काळा' हा शब्दही लिहावा लागला नाही. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'वेगळे पण समान' मान्य केलं. लुईझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये किती? १,३४२. घटनेतली १५ वी दुरुस्ती जागच्या जागी होती. तिचा एक शब्द कोणी खोडला नव्हता.

आणि मग इतिहासही जिंकणाऱ्यांच्या हातून गेला. हरलेल्या सेनापतींचे पुतळे चौकाचौकात उभे राहिले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी लिहीत होते की पुनर्रचना हीच चूक होती, अडाण्यांच्या हाती सत्ता दिली. गंमत बघा, १९१३ ते १९१६ या काळात त्याच विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. डनिंग मंडळींना खणखणीत उत्तर दिलं ते कृष्णवर्णीय विद्वान ड्यू बॉइस यांनी, १९३५ च्या त्यांच्या ग्रंथात. १९४६ मध्ये याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं.

फुल्यांनी आशा पाहिली, बाबासाहेबांनी पुढचा विश्वासघात पाहिला. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी हे उदाहरण स्पष्ट मांडलंय. युद्धात कृष्णवर्णीयांची मदत घेतली आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडलं, हे अस्पृश्यांनी विसरून चालणार नाही, अशा आशयाचं. 'आधी स्वातंत्र्य, बाकीचं नंतर बघू' यावर त्यांचा भरवसा का नव्हता, ते इथं कळतं. नंतर बघणारा कोण असेल, आणि तो कधी कंटाळेल, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणून मला 'पुनर्रचना फसली' हे म्हणणं पटत नाही. ती मोडली गेली. आणि पूर्ण मोडलीही नाही. १८७० मध्ये तिथले सुमारे ८० टक्के कृष्णवर्णीय निरक्षर होते, १९०० पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली आलं. ती अक्षरं कोणाला परत घेता आली नाहीत. आणि १४ वी दुरुस्ती कागदावर पडून राहिली खरी, पण १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद रद्द करताना सुप्रीम कोर्टानं तिचाच आधार घेतला. मताचा हक्क प्रत्यक्षात यायला १९६५ उजाडलं. शंभर वर्षं. चार पिढ्या.

युद्धानंतर, दंगलीनंतर, नव्या कायद्यानंतर 'आता सगळं शांत आहे, समेट झाला' असं कोणी सांगितलं, की आपण तीन प्रश्न विचारावेत. समेट नेमका कोणाकोणात झाला, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या बैठकीत होता का? जमीन आता कोणाच्या नावावर आहे? आणि उद्या रात्री कोणी दार ठोठावलं, तर पोलीस येणार का?

अमेरिकेत १८७७ ला उत्तरेचे गोरे आणि दक्षिणेचे गोरे यांचा समेट झाला. छान झाला. त्याचं बिल तिसऱ्यानंच भरलं.

पुढच्या ११ एप्रिलला ती अर्पणपत्रिका जरूर शेअर करा. सोबत १८७७ हे सालही लिहा.