शैलीची सबब

वॉल्टर ड्युरांटी १९२२ ते १९३६ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतील वार्ताहर होता. १९३१ मधील वार्तापत्रांबद्दल त्याला १९३२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचा विषय निघाला की दोन सबबी हटकून पुढे येतात: सेन्सॉरचा जाच होता आणि गद्य अव्वल होते. आम्हांस या दोन्ही सबबी अमान्य आहेत.

सेन्सॉर सर्वांनाच होता. तरीही माल्कम मगरिज याने दुष्काळाची वार्तापत्रे राजनैतिक टपालातून ‘मँचेस्टर गार्डियन’कडे धाडली. गॅरेथ जोन्स हा तरुण वेल्श पत्रकार मार्च १९३३ मध्ये युक्रेनच्या खेड्यांतून पायी हिंडला आणि २९ मार्च रोजी बर्लिनमध्ये त्याने भूकबळींची वार्ता जाहीर केली. दोनच दिवसांनी ड्युरांटीने ती जाहीरपणे खोडून काढली. सेन्सॉर लेखकाला मौन पाळायला लावतो, हे आम्ही समजू शकतो. पण खरे बोलणाऱ्याला खोटे पाडणे म्हणजे मौन नव्हे.

आता शैलीकडे वळू. त्या वार्तापत्रात तो सांगतो की प्रत्यक्ष उपासमार नाही, मात्र कुपोषणजन्य रोगांनी पुष्कळ मृत्यू होत आहेत. अंडी फोडल्यावाचून आम्लेट होत नाही, ही म्हणही तो तिथे वापरतो. या म्हणीत माणसांची अंडी होतात आणि मारणारा आचारी ठरतो. येथे शैली आशयाचा अलंकार नाही. गुन्हा घडतो तो शैलीतच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हाच गृहस्थ मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीत खाजगीत सांगत होता की, अन्नाअभावी एक कोटीपर्यंत माणसे मेली असावीत. म्हणजे त्याला माहिती होती. उणीव होती ती सचोटीची.

२००३ साली पुलित्झर मंडळाने पारितोषिक काढून घेण्यास नकार दिला. पारितोषिक १९३१ च्या तेरा लेखांना होते आणि त्यांत हेतुपुरस्सर फसवणुकीचा स्पष्ट पुरावा नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक असेलही. परंतु पारितोषिकाने लाभलेल्या प्रतिष्ठेच्या बळावरच १९३३ चा इन्कार खपला, याचा हिशेब कोणी द्यायचा?

जोन्स १९३५ साली, तिशी गाठण्याच्या आदल्या दिवशी, इनर मंगोलियात मारला गेला. शैली आणि सत्य हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे वर्गात शिकवणाऱ्या आमच्या सहाध्यापकांनी ३१ मार्च १९३३ चे ते वार्तापत्र एकदा विद्यार्थ्यांसमोर ओळीनुसार वाचून दाखवावे. त्यानंतरही हे विधान त्यांच्याने करवते का, ते आम्हांस जरूर कळवावे.