कोपरा सशाने निवडावा

ससा पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : "दिसायला गोंडस, पण घरभर घाण करतो!" मग त्याच्यावर ओरडतात, त्याचे नाक लघवीवर घासतात आणि शेवटी त्याला तारेच्या जाळीवर जन्मभर कोंडतात. माझ्या मते यात दोष सशाचा नाही; निरीक्षण न करणाऱ्या माणसाचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हा ससा मुळात कोण ते पाहा. खापरखेड्याच्या आसपास माळावर दिसतो तो रानससा. तो बिळे खणत नाही, बहुधा एकटा राहतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला धरून पाळणे गुन्हा आहे. घरातला पांढरा ससा मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. ते ससे गटाने राहतात आणि ठराविक जागी लेंड्यांचे ढीग घालतात. गुदाजवळच्या ग्रंथींचा वास लेंड्यांना लागतो. तो ढीग म्हणजे 'ही जागा आमची' अशी पाटीच! मांजर मऊ माती शोधते, ससा जागा धरतो.

म्हणून आपण कोपरा ठरवून सशाला तेथे ढकलणे व्यर्थ. खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा आणि आठ दिवस रोज सकाळी कोठे किती लेंड्या पडल्या ते मोजून लिहा. जेथे आकडा मोठा, तेथे पसरट घमेले ठेवा. दोन कोपरे निघाले तर दोन घमेली! तळाशी वर्तमानपत्र, वर वाळलेले गवत. ससा गवत खाता खाताच लेंड्या टाकतो, तेव्हा खाणे आणि शौच एकाच जागी आले तर बिघडत नाही. थोड्या लेंड्या घमेल्यात राहू द्या. लघवीचे पांढरे डाग बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असतात; पातळ व्हिनेगरने पुसा, बुडबुडे येतील.

घाणीवर राख टाकायची ही आपली जुनी रीत, आणि औष्णिक वीज केंद्राच्या या गावात राखेला तोटा नाही. तरी ती वापरू नये. चुलीची राख अल्कधर्मी असते, तिच्यामुळे लघवीतला अमोनिया अधिकच सुटतो. वीज केंद्राची राख इतकी बारीक, की श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. सशाचे नाक घमेल्यापासून वीतभरही दूर नसते.

ससा काही मऊ लेंड्या थेट गुदाजवळूनच खातो. त्यावर किळस करून त्याला मारू नका. त्यांतून त्याला ब गटाची जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. चार-सहा महिन्यांचा नर पिचकारी मारू लागला, तर तो वयाचा परिणाम. सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घेतल्यास ही खोड बहुधा जाते.

उन्हाळ्यात नकाशा पुन्हा काढावा लागेल. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, जादा उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. मे महिन्यात पत्र्याखाली तापणारा कोपरा सोडून तो मोरीजवळच्या थंड फरशीवर बसू लागला, की घमेलेही मुकाट्याने तिकडे हलवावे.