मांजरपाटावरची कोयरी

पेढीवरील गादी, लोड आणि तक्के यांचे अभ्रे पांढरेशुभ्र असावेत, हा व्यापारी घरांचा जुना शिरस्ता. दिवाणखान्यातील उशीला मात्र रंगाची मुभा आहे, आणि तिचा अभ्रा साच्याने घरच्या घरी रंगवता येतो. एक मीटर मांजरपाट, कापडावर चालणाऱ्या ॲक्रिलिक रंगाची एक बाटली आणि एक मोकळी दुपार एवढे त्यास पुरते.

साहित्य निरुपद्रवी दिसते. पण ते घरात आणण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे. साच्यावर रंग टिपण्यासाठी दुकानदार जो आखूड, राठ ब्रश पुढे करतो, तो पुष्कळदा डुकराच्या केसांचा असतो. ‘हॉग हेअर’ किंवा ‘ब्रिसल’ या नावाखाली तो विकला जातो, आणि कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरात निव्वळ अनवधानाने येऊन बसतो. साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म कापण्याची पद्धतही सर्रास दिसते. त्या फिल्मवरील थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिजच. ब्रश नायलॉनचा मागावा, किंवा त्याहून सोपे म्हणजे जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून घट्ट पुरचुंडी बांधावी. साच्याला प्लॅस्टिकच्या फायलीचे आवरण उत्तम. उशीत पिसांऐवजी सावरीचा कापूस भरावा.

नक्षी निवडतानाही थोडा विवेक हवा. उशी डोक्याखाली जाते, तशी पाठीखाली आणि कधी पायांखालीही जाते. स्वस्तिक, नंद्यावर्त, श्रीवत्स ही मंगलचिन्हे कितीही सुबक असली तरी तेथे आशातनाच घडेल. कोयरी, वेल किंवा जाळी हीच तेथे शोभते.

कोयरी कोरताना नवख्या हाताची एक चूक ठरलेली. बाहेरची रेघ पूर्ण कापली की आतला तुकडा गळून पडतो आणि कोयरीऐवजी नुसते भोक उरते. म्हणून रेघ सलग न कापता दोन-तीन ठिकाणी बारीक दुवे राखावे लागतात. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेतील कागदी साचे पाहावेत. तेथे हे दुवेच नक्षीचा भाग होऊन जातात.

मांजरपाट आधी धुऊन वाळवावा. खळ राहिली तर रंग धाग्यांत न मुरता वरच बसतो, आणि कापडही नंतर आटते. इस्त्री करून 17 इंच चौरसाचा दर्शनी तुकडा कापावा, तो पुठ्ठ्यावर ताणून साचा चिकटपट्टीने पक्का करावा. आता खरी परीक्षा. पुरचुंडी रंगात बुडवायची नाही, फक्त टेकवायची; मग रद्दी कागदावर ती जवळजवळ कोरडी होईपर्यंत टिपायची. ओला रंग साच्याखाली पसरतो आणि कडा फिसकटतात. बहुतेक अभ्रे येथेच बिघडतात. कडेकडून आत, उभ्या हाताने हलके टिपत जावे, घासू नये. फिका वाटला तर पहिला हात सुकल्यावर दुसरा द्यावा. साचा सरळ वर उचलावा आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवण्यापूर्वी त्याची पाठ पुसावी.

एक दिवस सुकू द्यावे. मग उलट बाजूने, बाटलीवरील सूचनेप्रमाणे गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे रंग पक्का होतो.

शिवण अगदी साधी. मागच्या बाजूसाठी 17 इंच लांब व 12 इंच रुंद असे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची एक लांब कड इंचभर दुमडून शिवावी, ते एकमेकांवर पाच इंच चढवून दर्शनी तुकड्याला सुलट बाजूने सुलट लावावेत आणि चारही बाजूंनी अर्धा इंच आतून टीप मारावी. उलटवले की 16 इंची उशीचा, चेन-बटणाविना अभ्रा तयार. पहिली धुलाई तीन दिवसांनी, गार पाण्यात, उलटा करूनच.