भावासोबत परिक्रमेत चार दिवस

तुमच्या घरातला भाऊ किंवा बहीण यंदा पायी नर्मदा परिक्रमेला निघणार असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या घरांत असं निघणारं माणूस आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणी कामातून निवृत्त झालेला असतो, कुणी मुलांच्या लग्नातून मोकळी झालेली असते. मग बाकीच्या भावंडांच्या मनात येतं की सगळी परिक्रमा आपल्याला जमणार नाही, पण थोडे दिवस तरी सोबत चालावं.

जरूर चाला. फक्त निघण्याआधी थोडं ऐकून घ्या.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही काठ धरले की अंतर दुप्पट होतं, वळसे वेगळेच. जुन्या रीतीनं परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. आता बरेच जण चार ते सहा महिन्यांत ती पुरी करतात. एवढी रजा रिंग रोडच्या मार्केटमध्ये मिळत नाही आणि लूमच्या खात्यात तर नाहीच. मिळून मिळून चार दिवस मिळतात.

त्या चार दिवसांना कमी लेखू नका. आपल्या वारीतली भावंडंच बघा. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, ज्ञानोबांची आळंदीहून, सोपानदेवांची सासवडहून. मुक्ताईची तर आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून. चौघांचे रस्ते चार. वेळापूरच्या पुढे टप्प्याला माउली आणि सोपानकाकांची बंधुभेट होते. घटकाभर भेटतात, नारळ-प्रसाद होतो, आणि दोन्ही पालख्या आपापल्या चालीनं पुढे जातात. बंधुभेटीसाठी कुणी आपली पालखी सोडत नाही.

तुम्हीही एवढंच लक्षात ठेवा. परिक्रमा त्याची आहे, तुम्ही भेटीला आला आहात.

आता कुठे गाठायचं ते बघू. महाराष्ट्रातले पुष्कळ लोक कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून परिक्रमा उचलतात. नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठानं पश्चिमेकडे येतात. धरणामुळे शूलपाणीच्या झाडीतली काठाची जुनी वाट पाण्याखाली गेली. म्हणून काही जण डोंगरातून येतात, काही शहादा-प्रकाशाच्या बाजूनं सडकेनं येतात. पुढे राजपिपळा, झघडिया, अंकलेश्वर.

डोंगरातला टप्पा तुम्ही निवडू नका. तिथे चढउतार आहे, फोन लागत नाही, आणि तुमचा पाय मुरगळला तर त्याची परिक्रमा अडकते. प्रकाशा सोयीचं आहे. उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरून नंदुरबारला उतरा, तिथून बस. आपल्या खानदेशातलं गाव, ओळखीची भाषा, आणि खाली वाहते ती आपली तापी.

त्याहून जवळ हवं असेल तर अंकलेश्वर. सुरतेहून गाडीनं तासाभराचा रस्ता. झघडिया ते अंकलेश्वर चालून बघा, शरीर काय म्हणतं ते कळेल.

अंकलेश्वरला एक गंमत आहे. समोर भरूच. मध्ये नर्मदा. तिच्यावर १८८१ साली बांधून पुरा झालेला सोनेरी पूल आहे, शेजारी रेल्वेचा पूल आहे. तुमची गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते. पण परिक्रमेत नदी ओलांडायची नसते. म्हणून तुमचा भाऊ तिथून पश्चिमेला हांसोटकडे चालत जातो, विमलेश्वराच्या बाजूला समुद्राच्या तोंडाशी पोचतो, नावेतून मिठी तलाईला उतरतो, आणि उत्तर काठानं परत भरूचला येतो. कित्येक दिवस जातात. "पुलावरून ये ना पटकन" असं त्याला चेष्टेतही म्हणू नका.

त्या नावेत तुम्ही बसू नका असं माझं मत आहे. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, कधी एखादा दिवस थांबावं लागतं, आणि जागा मोजक्या असतात. त्या परिक्रमावासींसाठी राहू द्या. तुम्ही अलीकडूनच परत फिरा आणि पुढच्या रजेत भरूचला भेटा.

भरूचच्या पुढचा उत्तर काठ मला भावंडांसाठी सगळ्यांत चांगला वाटतो. शुक्लतीर्थ लागतं, पुढे रंग अवधूत महाराजांचं नारेश्वर. दोन-तीन दिवसांची चाल आहे, मुक्कामाची सोय होते. ज्यांना आणखी वर जायचंय त्यांनी गरुडेश्वर धरावं. टेंबे स्वामींची समाधी तिथे आहे. १९१४ साली त्यांनी तिथेच देह ठेवला.

गुडघे बोलत असतील तर चैत्रापर्यंत थांबा. तिलकवाडा आणि रामपुरा यांच्यामध्ये नर्मदा उत्तरेकडे वाहते. तेवढ्या भागाची उत्तरवाहिनी परिक्रमा चैत्रात करतात. सुमारे एकवीस किलोमीटर, नावेनं नदी ओलांडणं धरून एका दिवसात होते. सगळी भावंडं मिळून करू शकतात. फक्त ऊन कडक असतं, पहाटेच सुरुवात करा.

रजेचं आधी बोला. दिवाळीची सुट्टी या कामी उपयोगाची नाही. तुम्ही गावाहून सुरतेला परतता, तेव्हा तो निघत असतो. उत्तरायणाचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. त्याला एक रविवार जोडून बघा. खात्यात असाल तर शेठला आठ-पंधरा दिवस आधी सांगा आणि बदली माणूस स्वतः शोधून द्या. तारीख मात्र तुम्ही ठरवायची नाही. तो कुठे असेल हे तोच सांगेल, आणि तेही दोन-चार दिवस पुढेमागे होईल. म्हणून जातानाचं तिकीट शेवटी काढा.

आता पाय. बारा तास मशीनवर उभं राहणं म्हणजे चालण्याची सवय नव्हे. साड्यांचे गठ्ठे उचलणं म्हणजेही नव्हे. महिनाभर आधी सुरू करा. तापीच्या काठानं चाला, डुमस रोडला चाला. शनिवारी चाला आणि रविवारी परत चाला, कारण पाय दुसऱ्या दिवशीच बोलतात. जे बूट घालून जाणार तेच घालून सराव करा. नवे बूट घालून जाणारा माणूस पहिल्या संध्याकाळी भावाच्या पिशवीतलं मलम मागतो.

मोजे दोन-तीन जोड घ्या, ओले झाले की बदला. सकाळी बोटांच्या मध्ये आणि टाचेला खोबरेल लावा. कुठे चुरचुरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, गावाची वाट बघू नका. लहान फोड फोडू नका. साखरेचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि रोज रात्री तळपाय तपासून घ्या. अशा पायाला जखम झालेली कळत नाही.

पाणी तहान लागण्याआधी प्या. थकवा फार वाटला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. घोटघोट घ्या.

सडकेवर उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरची गाडी दिसते. या भागात वाळूचे आणि कारखान्यांचे ट्रक सारखे धावतात. अंधारात चालू नका. गप्पा मारत जोडीनं चालायचा मोह होतो, पण सडकेवर एकामागे एकच चाला. गप्पांना मुक्काम आहे.

नदीत उतरताना गावकऱ्यांना विचारा. काही ठिकाणी मगरी आहेत. वरून धरणाचं पाणी सोडलं की पातळी चढते. घाटावर कमरेच्या आत पाण्यात बुडी मारा, तेवढ्यानं स्नान होतं.

आश्रमांत परिक्रमावासींना जेवण आणि जागा मिळते, कुठे सदावर्त म्हणून कोरडा शिधा देतात. तो त्यांच्यासाठी आहे. तुम्ही पगारी माणसं, चार दिवसांसाठी आलेली. पंगतीत मागे बसा. भांडी घासा, अंगण झाडा, निघताना पेटीत पैसे टाका. आणि दहा नातेवाईक टेम्पोत घालून नेऊ नका. भावंडं दोन, फार तर तीन. आश्रम म्हणजे आपल्या काकाची वाडी नाही.

न्यायचं काय? घारी आणि लोचो घरी ठेवा, रस्त्यात टिकत नाहीत आणि पोट बिघडवतात. त्याला फोनवर विचारा काय संपलंय. बहुधा मोजे, रोजच्या गोळ्या, चष्म्याची काडी असं काहीतरी निघेल. तेवढंच न्या. येताना मात्र त्याच्या पाठीवरचं जास्तीचं सामान घेऊन या. नको असलेला एक किलो कमी करणं ही मोठी मदत आहे.

बहीण चालत असेल किंवा बहीण सोबत येणार असेल, तर मुक्काम दुपारीच ठरवा. बायकांची वेगळी झोपायची जागा आणि संडास आहे का, हे आधी विचारा. पाळीच्या दिवसांत काही ठिकाणी नियम असतात. तिथे वाद घालत बसू नका, जवळच्या घरातल्या बाईला जाऊन सांगा, सोय होते. पॅड सुरतेहूनच न्या, खेड्यात मिळतीलच असं नाही.

चालण्याचा वेग त्याचा. त्याचे पाय शेकडो किलोमीटरनी मुरलेले असतील आणि तुम्ही पहिल्या दिवशी जोशात पुढे पळाल. दुसऱ्या दिवशी मागे राहाल. मागे राहिलात तर सांगा आणि पुढच्या गावाचं मंदिर ठरवून घ्या, तिथे भेटा. त्याला ताटकळत ठेवू नका. तो बोलत नसेल तर राग आला असं समजू नका. इतके दिवस एकट्यानं चाललेल्या माणसाला बडबड जड जाते.

"अंकलेश्वरपर्यंत आलाच आहेस, घरी एक रात्र येऊन जा" असा आग्रह धरू नका. आई बोलावतेय असंही सांगू नका. आईला भेटायचं असेल आणि तिला प्रवास झेपत असेल, तर तिला गाडीनं घाटावर न्या.

आणि सात-बाराचा विषय काढू नका. गावचं घर कुणाचं, विहिरीचे पैसे कुणी भरले, लग्नात कुणी मानपान केला नाही, यांतलं काहीही नाही. चार दिवस निवांत मिळालेत म्हणून हेच बोलून घेऊ असं वाटतं. ते बोलणं झालं की पुढची वाट तो त्याच विचारात चालतो. ते कागद परतल्यावर काढा.

घरी राहिलेल्या भावंडाचं मला खास सांगायचं आहे. एक चालतो, दुसरा चार दिवस सोबत जातो, आणि तिसरी आईच्या गोळ्या, लाइटबिल आणि भाच्याची फी सांभाळते. तिला कुणी हार घालत नाही. खर्चाचा वाटा तिच्या हातात आधीच द्या, नंतर हिशेब करू म्हणू नका. रोज ठरलेल्या वेळी एक फोन तिला करा. मुक्कामाचं गाव, सोबत कोण, उद्या कुठे, एवढं पुरे. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर तिनं किती वेळ थांबायचं आणि कुणाला विचारायचं, हेही आधीच ठरलेलं असू द्या. आणि पुढच्या टप्प्याला तुम्ही घरी थांबा, तिला पाठवा.

यंदा कार्तिकीनंतर तुमच्यातलं कुणी निघणार असेल, तर दिवाळीला सगळे गावी जमता तेव्हाच बसा. कोण चालणार, कोण कुठून किती दिवस जाणार, घर कोण बघणार, पैसे किती लागणार, हे एका कागदावर लिहा आणि त्याची एकेक प्रत सगळ्यांनी जवळ ठेवा.